कर्करोग, उष्णता आणि एक बिघडलेला प्रयोग

गाठ आली की तिला डाग द्यावा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. अग्नीने जाळलेला रोग पुन्हा उठत नाही, असे सुश्रुताने अग्निकर्म सांगताना म्हटले आहे. खेड्यापाड्यांतून अजूनही कुणी तापल्या विळ्याने डागण्या देतो. त्याने कातडी जळते, वेळ फुकट जातो, आणि आतली कर्करोगाची गाठ असेल तर ती वाढतच राहते. मग उष्णता हा इलाज म्हणावा की अघोरीपणा?

युरोपात ही गोष्ट ध्यानी आली ती तापामुळे. १८६६ साली जर्मनीतील बॉनचे शल्यवैद्य बुश यांनी एका बाईची हकीगत नोंदवली. तिच्या चेहऱ्यावर गाठ होती. तिला धावरे झाले, फणफणून ताप भरला, आणि गाठ विरून गेली! पुढे १८९१ साली न्यूयॉर्कच्या विल्यम कोले यांनी रोग्यांना मुद्दाम जंतू टोचून ताप आणण्यास सुरुवात केली. काही बरे झाले. काही त्या टोचण्यानेच दगावले. त्यात तापापेक्षा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा होता, असे आज मानतात. पण उष्णतेने पेशी मरते हे मात्र खरे. अंड्यातला पांढरा भाग तापवला की गोठतो ना, तशीच गत पेशीतल्या प्रथिनांची होते. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला पेशी दुबळी होते. ५० च्या बरेच पुढे गेले की मिनिटांत मरते. अडचण एवढीच, की गाठ तापावी आणि शेजारचे मांस शाबूत राहावे, हे साधायचे कसे?

याचे एक उत्तर वैद्यकाच्या बाहेरून आले. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीन वायूपासून बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, करण्याचे काम चालले होते. एकदा त्यात उत्प्रेरक पडला तो हव्या त्याच्या हजारपट! काळी भुकटी व्हायची, तिथे रुपेरी पापुद्रा तयार झाला. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. १९७६ मध्ये शिराकावांनी अमेरिकेत मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्यासोबत त्या पदार्थाला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची वीज वाहण्याची शक्ती कोटीपट वाढली. वीज वाहणारे प्लास्टिक! तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

विजेचा कर्करोगाशी काय संबंध, असे आपण विचाराल. अशा पदार्थांत जे इलेक्ट्रॉन मोकळेपणी फिरतात, तेच प्रकाशही शोषतात, आणि शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. उन्हात काळे कापड अधिक तापते, तसेच काहीसे. आता रात्री विजेरीवर तळहात ठेवून पाहा. बोटे तांबडी दिसतात, कारण तांबडा प्रकाश मांसातून पार होतो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल, सुमारे एखाद-दोन सेंटिमीटर जातो. २०१२ साली चीनमधील संशोधकांनी पॉलिपायरॉल नावाच्या याच कुळातल्या पॉलिमरचे कण उंदरांच्या गाठींत पोचवले आणि बाहेरून लेसरचा असा प्रकाश सोडला. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीवर हजारभर सहज मावावेत. ते तापले आणि गाठी जळाल्या.

उंदीर लहान असतो, हे मात्र विसरू नये. त्याची गाठ कातडीखालीच असते. माणसाची पोटात खोल असू शकते. शिवाय शिरेतून सोडलेले कण नेमके गाठीत जात नाहीत. २०१६ साली अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा शंभरातला सरासरी एकही भाग गाठीत पोचत नाही, अवघा ०.७, असे दिसले. उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहा यांत अडकतात. ते तिथून निघतात कसे, हा प्रश्न डॉक्टरांना सतावतो.

माणसांवरच्या प्रयोगांत पहिले पाऊल पडले ते सोन्याच्या मुलाम्याच्या कणांचे. २०१९ साली अमेरिकेत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर, सोळा रोग्यांत, ते वापरल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. प्रकाश खोल जात नाही म्हणून तिथे लेसरचा बारीक तंतूच सुईसारखा थेट ग्रंथीत घातला होता.