मौखिक संज्ञापन : दुय्यम विषय निवडण्यापूर्वी

बारावीनंतर प्रवेशअर्ज भरताना विद्यार्थ्याचे व पालकांचे सारे लक्ष मुख्य विषयावर असते. दुय्यम विषयाचा, म्हणजेच ‘मायनर’चा, रकाना बहुधा घाईने भरला जातो. वास्तविक पदवीतील १८ ते २० श्रेयांक या रकान्यावर अवलंबून असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी जी श्रेयांक रचना जाहीर केली, तीत हे श्रेयांक पहिल्या तीन वर्षांत पूर्ण करावयाचे आहेत. मायनर विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेतील अन्य विषय असू शकतो, तसाच दुसऱ्या विद्याशाखेतीलही असू शकतो. त्यामुळे रसायनशास्त्राच्या किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही ‘स्पीच कम्युनिकेशन’, अर्थात मौखिक संज्ञापन, या विषयाकडे वळण्याची वाट तत्त्वतः मोकळी आहे.

विषयाचे स्वरूप

मौखिक संज्ञापन म्हणजे केवळ वक्तृत्व नव्हे. सभेतील भाषण हा त्याचा एक भाग झाला. दोन व्यक्तींमधील संवाद, गटचर्चा, वादविवाद, मुलाखत, कार्यालयीन सादरीकरण, वाचिक अभिवाचन आणि या सर्वांच्या मुळाशी असलेले श्रवण यांचा अभ्यास त्यात येतो. युक्तिवाद कसा रचावा, पुरावा कसा तपासावा, श्रोता कोण आहे हे कसे ओळखावे, हे प्रश्न ॲरिस्टॉटलच्या काळापासून या विद्येच्या केंद्रस्थानी आहेत. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातील वाचिक अभिनयाचा विचार आणि कीर्तनाची परंपरा यांचेही तिच्याशी जवळचे नाते आहे.

स्वतंत्र महाविद्यालयीन विषय म्हणून तो प्रथम अमेरिकेत स्थिरावला. इंग्रजी विभागात भाषणाच्या अध्यापनाला दुय्यम स्थान मिळते, या असमाधानातून १९१४ साली शिकागो येथे १७ अध्यापकांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली. आज ती ‘नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. वाचादोष व श्रवणदोष यांवरील उपचारांचे शास्त्र मात्र वेगळे आहे. त्यासाठी स्वतंत्र व्यावसायिक पदवी लागते. नावातील साम्यामुळे विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये.

नाशिकमधील चित्र

नाशिकमधील बहुतांश पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. या नावाचा तयार मायनर प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. विषयाचे घटक मात्र विखुरलेले आढळतात. भाषा विभागातील संभाषणकौशल्य, मानसशास्त्रातील आंतरव्यक्ती संबंध, पत्रकारितेतील निवेदन व मुलाखत ही त्याची उदाहरणे होत. स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रम आखण्याची अधिक मोकळीक असते. त्यामुळे केवळ विषयाचे नाव न पाहता माहितीपत्रकातील प्रत्यक्ष अभ्यासपत्रिका वाचणे हिताचे ठरते.

शहराचे सार्वजनिक जीवनही या अभ्यासाला पूरक आहे. गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात भरणारी वसंत व्याख्यानमाला पिढ्यान्‌पिढ्या श्रोते घडवीत आली आहे. १८४० पासूनची परंपरा असलेले सार्वजनिक वाचनालयही शहरात आहे. उत्तम वक्ता आधी उत्तम श्रोता असावा लागतो, हा या विषयाचा पहिला धडा येथे विनामूल्य मिळू शकतो.

गरज कोणाला?

सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या तालुक्यांतून शिक्षणासाठी शहरात येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरची बोली प्रमाण मराठीहून निराळी असते. कोणी अहिराणी बोलतो, कोणी डांगी वा कोकणी. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हसे होईल या धास्तीने अशी मुले गप्प राहतात. पुढे मुलाखतीच्या मेजासमोरही तेच मौन आड येते आणि ते अज्ञान समजले जाते. चांगला अभ्यासक्रम बोलीची लाज वाटू देत नाही. कोणत्या प्रसंगी कोणती भाषा वापरावी, याची निवड तो विद्यार्थ्याच्या हाती देतो. वकिली, अध्यापन, विक्री, रुग्णसेवा, प्रशासन वा समाजकार्य यांत जाऊ इच्छिणाऱ्यांना तर त्याचा उपयोग उघड आहे.

निवडीची कसोटी

येथे थोडे गणित मांडून पाहावे. सिद्धांताच्या एका श्रेयांकासाठी १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. चार श्रेयांकांच्या सैद्धांतिक अभ्यासपत्रिकेस ६० तास मिळतात. वर्गात ६० विद्यार्थी असतील आणि अध्यापकांनी एक शब्दही उच्चारला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्यासाठी संपूर्ण सत्रात एकच तास येतो. याउलट २० जणांच्या तुकडीत दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक असेल, तर तेवढ्याच ६० तासांत प्रत्येकाला तीन तास मिळू शकतात. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसे बोलणेही टिपणे उतरवून येत नाही.

म्हणून प्रवेशापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रात्यक्षिकाचे श्रेयांक किती? तुकडी केवढी? मूल्यमापन लेखी परीक्षेवर होते की प्रत्यक्ष भाषण, चर्चा व श्रवण यांवर? भाषणानंतर अध्यापक प्रत्येकाला त्याच्या उणिवा सांगतात काय? मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत सराव होतो काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर हा मायनर कोणत्याही मुख्य विषयाचे मोल वाढवील. न मिळाल्यास दुसरा विषय घेऊन वादविवाद मंडळ, एकांकिका किंवा राष्ट्रीय सेवा योजनेतील पथनाट्य यांतून बोलण्याचा सराव करणे अधिक श्रेयस्कर. गुणपत्रिकेवर विषयाचे नाव उमटले, पण सभेत उभे राहताच कंठ दाटून आला, तर ते श्रेयांक कागदावरच राहतील.