नित्य, नैमित्तिक आणि उपवास : मराठी स्वयंपाकातील जुन्या-नव्याचा विचार

महाराष्ट्रातील घरगुती स्वयंपाकाविषयी लिहिताना 'पारंपरिक' हा शब्द फार सैलपणे योजला जातो. आजीच्या आठवणीत जे होते ते परंपरेचे, आणि जे परंपरेचे ते अतिप्राचीन, असे सहज गृहीत धरले जाते. या गृहीताची परीक्षा करण्यास एकादशीचे पान पुरेसे आहे. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चार मुख्य द्रव्ये असतात. आज बाजारात मिळणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा धरून ही चारही द्रव्ये मूळची अमेरिका खंडातील होत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी त्यांपैकी एकही भारतात असल्याचे मानण्यास आधार नाही. तूप, जिरे आणि मीठ एवढेच काय ते त्या पानावरचे जुने. धर्मनियमाने सर्वांत काटेकोर मानलेले अन्न द्रव्यदृष्ट्या सर्वांत नवे असावे, ही विसंगती केवळ गमतीची नव्हे. परंपरा नेमकी कशात साठविलेली असते, असा प्रश्न तिच्यामुळे उपस्थित होतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी साधनांची मर्यादा ध्यानात घेणे प्राप्त आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात (सुमारे इ. स. ११३०) अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे. मांडे, पुऱ्या, वडे, घारगे यांचे पूर्वज तेथे भेटतात. उडदाच्या पिठाची इडरिका आणि तिला दिलेली मिरी, जिरे व हिंग यांची जोडही आढळते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या भोसले दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथपंडिताने 'भोजनकुतूहल' रचले. ग्रंथ संस्कृत असला तरी त्यात पदार्थांची व द्रव्यांची देशी नावे येतात, त्यामुळे मराठी अन्नाच्या अभ्यासकाला तो विशेष मोलाचा वाटतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे (१८९१-१९६१) यांनी या व अशा ग्रंथांच्या आधारे एकेका द्रव्याचा आणि पदार्थाचा कालनिर्णय करण्याचा पायंडा पाडला. परंतु ही साधने राजाच्या पाकशाळेची अथवा पंडिताच्या व्यासंगाची आहेत. दररोज चूल पेटविणाऱ्या स्त्रीने काही लिहून ठेवले नाही. कारखान्यांचे हिशेब व समारंभांच्या याद्या यांतही किती तूप आणि किती गूळ आला हे कळते, त्याचे पुढे काय झाले हे कळत नाही. म्हणून लिखित साधनांच्या जोडीला पिकांचा इतिहास, भाषेतील नावे, उपकरणे आणि व्रताचार यांचीही साक्ष काढावी लागते.

धर्मशास्त्रात कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केलेले आहेत. स्वयंपाकघरालाही हाच भेद लागू पडतो. नित्याचे अन्न जमीन आणि पाऊस यांनी ठरविले. देशावर ज्वारी व बाजरी, सह्याद्रीच्या उतारांवर नाचणी आणि वरी, कोकणात भात, अशी ही ढोबळ वाटणी होय. यातील ज्वारी, बाजरी व नाचणी हीदेखील मूळची आफ्रिकेतील. मात्र ती येऊन सहस्रके लोटली. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या धान्यांत जवाला महत्त्वाचे स्थान असल्याचे दिसून आले. आजच्या देशावरच्या नित्य भोजनात जव जवळजवळ उरलेला नाही. म्हणजे ज्याला जुन्यात जुने म्हणावे त्याच्याही खाली आणखी एक थर आहे.

भाकरीची कृती धान्याच्या गुणातून आलेली आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते लाटता येत नाही. ते गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरते मळावे लागते. उलट पुरणपोळीच्या पातळ आवरणात भरपूर पुरण न फुटता राहावयाचे तर गव्हाच्या कणकेचा ताणच हवा. देशावर गहू हे काळ्या जमिनीतील किंवा विहिरीच्या पाण्यावरील रब्बी पीक. साध्या कुटुंबाच्या वाट्याला ते थोडेच येई. त्यामुळे गव्हाची पोळी सणाची झाली. मुक्ताबाईला मांडे करण्यासाठी खापर मिळू नये म्हणून विसोबाने कुंभारांना मना केल्याची कथा सर्वश्रुत आहे. आख्यायिका म्हणून तिचे मूल्य कसेही लेखले तरी तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : मांडे हे घरात नेहमी नसणाऱ्या भांड्यावर करावयाचे, मुद्दाम इच्छा धरून करावयाचे अन्न होते.

तथापि नैमित्तिक म्हणजे महागडे, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य दाखवितात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि अनेक शेंगाभाज्यांची मिसळ होते. ही सारी द्रव्ये शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणातील आहेत. चातुर्मासात वांगे व कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत चंपाषष्ठीचे भरीत हे संयम संपल्याची खूण असते; भोगीची भाजी ही त्या ऋतूच्या शेतमालाची खूण असते. सणाचे अन्न किमतीने ठरत नाही, ते वेळेने आणि नेमाने ठरते.

आता नव्या द्रव्यांचा प्रवेश कसा झाला ते पाहू जाता भाषेची साक्ष फार उपयोगी पडते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरून अमेरिकेतील वनस्पती आत येऊ लागल्या. काहींनी आपली परकी नावे सोबत आणली. बटाटा, काजू, अननस, पपई हे शब्द पोर्तुगीजांच्या मार्गाने मराठीत आले. पाव हा शब्दही त्यांचाच. काहींना मात्र जुन्या द्रव्यांची नावे मिळाली. तिखटपणासाठी पूर्वी मिरी होती, तिच्यावरून मिरची झाली. जमिनीत शेंग धरते म्हणून नव्या शेंगेला भुईमूग म्हटले. रक्तालु हे ज्या तांबड्या कंदाचे नाव होते त्यावरून आलेले रताळे हे नाव अमेरिकेतील कंदाकडे गेले. तांबडा भोपळा आपल्या जुन्या दुध्या भोपळ्याच्या कुळात सामावला. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या फळाचे मूळ सामान्यतः अमेरिकेत मानतात त्याला तर सीताफळ असे पौराणिक नाव लाभले. ज्या द्रव्याला जुने नाव मिळाले त्याचे परकेपण दोनतीन पिढ्यांत पुसले गेले असावे. नाव हाच येथे परवाना ठरला.

नित्याच्या भोजनात मिरची, बटाटा व शेंगदाणा यांना जागा मिळण्यात विशेष अडचण नव्हती. उपवासाच्या पानात ती कशी मिळाली, हे अधिक उद्बोधक आहे. व्रतात पाणी, मूळ, फळ, दूध इत्यादींच्या सेवनाने व्रतभंग होत नाही, असे वचन धर्मशास्त्रात प्रसिद्ध आहे. एकादशीला धान्य वर्ज्य. यातील रचना बारकाईने पाहावयास हवी. जे वर्ज्य आहे ते तांदूळ, गहू, हरभरा, मूग अशा ओळखीच्या नावांनी सांगता येते. जे ग्राह्य आहे ते मूळ व फळ अशा वर्गांनी सांगितलेले आहे. नावांची यादी बंद असते, वर्ग उघडा असतो. नवा कंद आला की तो 'मूळ' या वर्गात आपोआप बसतो. बटाटा, रताळे व कसावा यांना अशी वाट मिळाली असावी, हे अनुमान सयुक्तिक वाटते. राजगिऱ्याच्या ज्या जातींचे दाणे आज वापरले जातात त्याही अमेरिकेतीलच मानल्या जातात. ते दाणे तृणकुळातील नसल्याने 'धान्य' या नावाखाली आले नाहीत. शेंगदाण्याचे उदाहरण तर बोलके आहे : नाव मुगाचे, कूळ कडधान्याचे, आणि तरीही मूग वर्ज्य असताना भुईमूग ग्राह्य. वरी हे तृणधान्य असून उपवासाला चालते, तेव्हा हा नियम वनस्पतिशास्त्राचा नाही हे उघड आहे. नांगराशिवाय उगवणारी श्यामाक-नीवार ही जुनी मुनिअन्ने होत. त्यांच्या परंपरेत वरीचा समावेश झाला असावा.

साबुदाण्याचा इतिहास या दृष्टीने आणखी एक पाऊल पुढे जातो. हे नाव आग्नेय आशियातील सागूच्या ताडाशी निगडित आहे. पूर्वी त्या झाडाच्या गाभ्यातील पिठाचे दाणे आयात होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडील आयात खुंटली आणि तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्याच्या पिठापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. झाड बदलले, देश बदलला, पण नाव आणि व्रतातील स्थान अबाधित राहिले.

नव्या द्रव्यांना सर्वत्र असाच प्रवेश मिळाला असे मात्र नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील महाप्रसादात बटाटा, टोमॅटो व मिरची आजही वर्ज्य आहेत. तेथे पाकशाळा एक, सेवेकऱ्यांचा वर्ग निश्चित आणि देवाचा नेम लेखी-अलिखित परंपरेने बांधलेला. म्हणून ग्राह्य द्रव्यांची यादीच बंद झाली. महाराष्ट्रातील व्रते मुख्यतः घरोघरी पाळली जात. तेथे निर्णय गृहिणीचा असे, आणि पिकेल त्यात भागविणे तिला भाग होते. सणाच्या पानातही हाच फरक दिसतो. मध्यभागी देवाला दाखवावयाचा वरणभात, त्यावर तूप, आणि पुरणपोळी अथवा मोदक : तूर, तांदूळ, गहू, हरभरा, नारळ, गूळ ही सर्व जुनी द्रव्ये. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो यांनी जागा मिळविली ती पानाच्या डाव्या-उजव्या बाजूंस, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, भाजी आणि आमटी यांत. पानाचा मध्य जुना राहिला, कडा नव्या झाल्या.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणामुळे परिस्थिती पालटली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० चे. तेथे घरची कर्ती स्त्री स्वतः लेखिका झाली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप रूढ केले. सासूच्या देखरेखीखाली हाताच्या अंदाजाने शिकावयाची विद्या आता दूर शहरात, एकट्या संसारात, पुस्तकावरून शिकता येऊ लागली. पण छापील कृतीचा दुसराही परिणाम झाला : अनेक घरांच्या अनेक रीतींपैकी एक रीत 'महाराष्ट्रीय' म्हणून स्थिर झाली, आणि ती बहुधा शहरी, पांढरपेशा घरातील होती. जत्रेत म्हसोबाला मांसाचा नैवेद्य दाखविणाऱ्यांचा सण या प्रातिनिधिक चित्राच्या कडेला राहिला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यपरंपरेची नोंद केली. ज्या स्वयंपाकघरांना तूप, गहू आणि निवडीचे स्वातंत्र्य यांपैकी काहीच मिळाले नव्हते त्यांचा इतिहास किती काळ अलिखित राहिला, हे त्यावरून कळते. नित्य आणि नैमित्तिक यांचा भेद त्या घरांतही होता; द्रव्ये मात्र निराळी होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक पालट घडून आला. शिधावाटप, १९७२ च्या दुष्काळातील परदेशी मिलो ज्वारीचा अनुभव आणि हरितक्रांतीनंतर उत्तरेकडून सहज येऊ लागलेला गहू यांमुळे गव्हाची पोळी देशावरच्या असंख्य घरांत रोजची झाली. जी सणाची होती ती नित्याची बनली, आणि चुलीवरची ज्वारीची भाकरी शहरात मुद्दाम जाऊन खाण्याचा पदार्थ ठरली. यामुळे पुरणपोळीचे सणपण संपले नाही. गहू सुलभ झाला तरी डाळ शिजविणे, पुरण पाट्यावर वाटणे किंवा पुरणयंत्रातून काढणे, आणि ते न फुटू देता लाटणे, हे श्रम उरले. जे पूर्वी धान्याच्या दुर्मिळतेने ठरत होते ते आता श्रमाच्या दुर्मिळतेने ठरते.

एवढ्या विवेचनावरून परंपरेविषयी एक विधान करण्यास प्रत्यवाय नसावा. मराठी स्वयंपाकात टिकून राहिले ते द्रव्य नव्हे, तर विभागणी : रोजचे, सणाचे आणि उपवासाचे असे अन्नाचे तीन कप्पे, पानातील मध्य आणि कडा, वर्ज्य आणि ग्राह्य. कप्पे तेच राहिले, त्यांतील वस्तू शतकानुशतके बदलत गेल्या. म्हणून एखादा पदार्थ जुन्या व्रतात आहे एवढ्यावरून त्यातील द्रव्य प्राचीन ठरवू नये, आणि द्रव्य परकीय आहे एवढ्यावरून आचार अर्वाचीन किंवा अशुद्ध ठरवू नये. अन्नाच्या शुद्धाशुद्धतेवरून माणसांची प्रतवारी ज्या समाजात झाली, तेथे ही सावधगिरी केवळ पद्धतीची बाब राहत नाही. ज्या अनाम स्त्रियांनी मिरचीला मिरीची जागा दिली आणि भुईमुगाला उपवासाच्या पानात बसविले, त्यांनी कोणताही ग्रंथ न लिहिता जुन्या नियमाचा नवा अन्वयार्थ लावला. त्यांचा तो निर्णय आजही दर एकादशीला पानात वाढला जातो.