ब्रिटिश लढाऊ विमानांची वाटचाल

तिरोडीच्या वाचकाला मँगनीजची ओळख करून देण्याचे कारण नाही. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील हे खनिज पोलादासाठी बोटींतून परदेशी जात असे. विमानांच्या बांधणीतील ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूतही त्याचा अल्पसा अंश असतोच. १९३५ साली उडालेल्या ‘हरिकेन’चा मागील भाग कापडानेच मढविलेला होता, मिचेल यांच्या ‘स्पिटफायर’ने १९३६ मध्ये जवळजवळ सर्वांगी धातूचे कवच धारण केले. १९४७-४८ च्या काश्मीर संग्रामात भारतीय वैमानिकांनी स्पिटफायर आणि टेम्पेस्ट हीच विमाने चालविली. या संग्रामातील कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळविणारे हृषिकेश मुळगावकर १९७६ मध्ये वायुसेनाध्यक्ष झाले.

जेट इंजिनानंतर व्हॅम्पायर, हंटर अशी विमाने आली. वजन वाढले, खर्चही वाढला. अभिकल्पक पेटर यांना हा वाढता बोजा रुचेना. त्यांचे ‘नॅट’ १९५५ मध्ये उडाले. हंटरहून ते कितीतरी हलके होते. ब्रिटिश वायुसेनेने ते केवळ प्रशिक्षणापुरते स्वीकारले. (घरच्या गुणाची पारख परक्याने करावी, हे काही नवे नाही.) भारताने मात्र १९५६ मध्ये करार करून ते बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात बांधावयास घेतले. खनिज धाडून तयार यंत्र विकत घेणाऱ्या देशाला ही बाब लहान नव्हती. १४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानची सहा सेबर विमाने श्रीनगरवर चालून आली, तेव्हा निर्मलजितसिंग सेखों याच इवल्या विमानातून झुंजत धारातीर्थी पडले. वायुसेनेला लाभलेले एकमेव परमवीर चक्र त्यांचे आहे.