सागरी शौचालय

सागरी शौचालय म्हणजे नौकेवर वा जहाजावर बसवलेले, बहुधा समुद्राच्याच पाण्याने धुतले जाणारे शौचालय होय. इंग्रजी भाषक नाविक त्यास 'हेड' म्हणतात. शिडांच्या मोठ्या जहाजांवर खलाशांची शौचाची जागा नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढील टोकास असे. वारा बहुधा मागून किंवा बाजूने येत असल्याने दुर्गंधी जहाजावर पसरत नसे आणि लाटा ती जागा धुऊन काढीत. पुढे शौचालय जहाजाच्या आत आले तरी नाव तेच राहिले. प्रस्तुत लेखात मुख्यतः १९६० ते १९८०च्या दशकांत बांधलेल्या फायबरग्लासच्या शीडनौकांवरील हातपंपाचे शौचालय आणि ते बदलण्याची रीत यांची माहिती दिली आहे.

रचना

भांड्याशेजारी उभा हातपंप असतो. त्यातील एकच दट्ट्या एका बाजूने समुद्राचे पाणी भांड्यात आणतो आणि दुसऱ्या बाजूने मैला बाहेर ढकलतो. पाणी आत घ्यायचे की भांडे केवळ उपसायचे, हे एका कळीने ठरते. पाणी आणणारी नळी साधारणतः १९ मिमी, तर मैला नेणारी ३८ मिमी व्यासाची असते. बाहेर पडण्याच्या तोंडाशी चिमटलेल्या ओठांसारखी रबरी झडप असते. ती मैला परतू देत नाही. ही झडप झिजली की भांड्यात घाण पाणी हळूहळू वर येऊ लागते.

पाणी शिरण्याचा धोका

लहान नौकेत भांड्याचा काठ अनेकदा जलरेषेच्या खाली किंवा तिच्या जवळपास असतो. म्हणून हे शौचालय म्हणजे नौकेच्या बुडाला मुद्दाम पाडलेली भोकेच होत. नळीत सायफन सुरू झाला, तर कोणी पंप न मारताही समुद्राचे पाणी भांड्यात येत राहते आणि नांगरलेली नौका बुडू शकते. यावर उपाय म्हणजे नळीला जलरेषेच्या बरीच वर नेणारा वळसा देणे व त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी लहान झडप बसवणे. नौका एका बाजूस कलली असतानाही हा माथा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी आणणाऱ्या बाजूचा वळसा पंप आणि भांडे यांच्या दरम्यान घ्यावा लागतो. तो पंपाच्या आधी घेतल्यास पंप पाण्याऐवजी हवाच ओढतो. जुन्या अनेक नौकांत असे वळसे मुळातच नाहीत.

खोल पाण्यात हा धोका किती वाढतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी. १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ शौचालयातून पाणी आत शिरल्याने तिला पृष्ठभागावर यावे लागले व ती गमवावी लागली. चूक कोणाची होती, याविषयी भिन्न वृत्तांत आहेत.

बदल व बसवणी

नवे भांडे जुन्याच्या जागी सहसा जसेच्या तसे बसत नाही, कारण बैठकीच्या भोकांची मांडणी प्रत्येक बनावटीत वेगळी असते. त्यामुळे प्रथम बैठकीचा कागदी नमुना कापून जागेवर ठेवतात. झाकण मागे पूर्ण उघडते का, पंपाचा दांडा मोकळा फिरतो का, दार बंद होते का आणि जाड नळी कोठे मुडपत तर नाही ना, हे तेव्हाच पाहिलेले बरे.

जुनी नळी काढण्यापूर्वी बुडाशी असलेल्या तोट्या तपासणे सर्वांत महत्त्वाचे होय. जुन्या नौकांत काही वेळा घरगुती पितळी व्हॉल्व्ह आढळतात. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते व धातू ठिसूळ होतो. चाक फिरते, पण आतील पडदा पूर्ण मिटत नाही. अशी शंका असल्यास नौका पाण्याबाहेर काढूनच काम करतात आणि त्या जागी ब्राँझच्या तोट्या बसवतात.

बसलेल्या माणसाचे वजन, नौकेचे हेलकावे आणि पंपाचा जोर हे सर्व बैठकीवर येते. पातळ फायबरग्लासमध्ये मारलेले स्क्रू त्याने लवकरच सैल होतात. म्हणून आरपार नट-बोल्ट व खाली रुंद वॉशर वापरतात. खाली हात पोहोचत नसेल, तर जाड प्लायवूडचा ओटा बांधून त्यावर फायबरग्लासचा थर देतात. जुनी भोके इपॉक्सीने भरतात, अन्यथा पाणी मुरून आतील लाकूड कुजते. बैठकीखाली लावायचे सीलंट पुढे सुटू शकेल असे निवडावे. पॉलियुरेथेनचा चिकटा इतका घट्ट धरतो की पुढच्या वेळी भांडे फोडावे लागते.

जुन्या नळ्या याच वेळी बदलणे शहाणपणाचे असते. मूत्र आणि समुद्राचे पाणी यांमुळे त्यांत चुनखडीसारखा कठीण थर साचतो, शिवाय कालांतराने दुर्गंधी नळीच्या भिंतीतूनही झिरपते. अनेकदा दोष पंपावर जातो, तो खरा या नळ्यांचा असतो. नवी नळी ताठ असल्याने तिचे टोक गरम पाण्यात बुडवून चढवतात व जलरेषेखालील प्रत्येक जोडास शक्य तेथे दोन स्टेनलेस पट्ट्या आवळतात.

कायदे

अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. मार्पोल कराराचे चौथे परिशिष्ट २७ सप्टेंबर २००३ पासून लागू झाले. परंतु ते आंतरराष्ट्रीय सफरींवरील, ४०० किंवा अधिक सकल टनांच्या अथवा १५ पेक्षा अधिक माणसे नेण्यास प्रमाणित जहाजांसाठी असल्याने लहान शीडनौका सहसा त्यात येत नाहीत. जुन्या नौकेचे शौचालय बदलताना त्यामुळेच मैला साठवण्याची टाकीही अनेकदा बसवावी लागते.