रस्सा शिजेपर्यंत

रविवारी सकाळी नाशिकमधल्या मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि त्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कलेजी वेगळी बांधा." घरी आल्यावर मटण कुकरात किंवा पातेल्यात जातं, वाटणाची तयारी सुरू होते आणि त्या तासाभरात कलेजीचे बोटभर तुकडे तव्यावर पडतात. हळद, मीठ, आलं-लसूण, वरून मिरपूड नाहीतर चिमूटभर काळा मसाला. दोन-तीन मिनिटांत उतरलेले ते तुकडे ओट्याशी उभ्यानेच संपतात. सोबत वाटीभर अळणी पाणी. याला कोणी जेवण म्हणत नाही, ताटातही त्याला जागा नसते. रस्सा शिजेपर्यंतचा तो आधार.

हाच प्रकार हॉटेलात गेला की मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर 'स्टार्टर' म्हणून छापला जातो. गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांतल्या वायनरीत गेला तर त्याला काडी टोचलेली असते आणि शेजारी शिराझचा ग्लास असतो. पाश्चात्त्य स्वयंपाकात याच्या जवळचा प्रकार म्हणजे स्टेकचे घासभर तुकडे: कडकडीत तापलेल्या तव्यावर झटपट खरपूस केलेलं मांस, जेवणाआधी तोंडात टाकायला. ओट्यापासून वायनरीपर्यंतच्या या वाटेत छावणी आहे, महामार्ग आहे, दारूबंदी आहे आणि एक कायदाही आहे.

आधी शब्दांचं पाहू. 'स्टेक' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'स्टेइक'वरून आला. काठीला टोचून भाजलेलं मांस हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृतात याच क्रियेला 'शूल्य' म्हणतात, शुळावर भाजलेलं ते. अमरकोशात त्याचाच पर्याय म्हणून 'भटित्र' येतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास'मध्ये 'भडित्रक' आहे: मांसाच्या तुकड्यांना भोकं पाडून त्यांत मसाला भरायचा आणि ते सळईवर भाजायचे. मराठीच्या जुन्या नमुन्यांसाठी अभ्यासक ज्या ग्रंथाचा दाखला देतात, त्याच ग्रंथाच्या अन्नभोगाच्या भागात हे सापडतं. म्हणजे दोन टोकांच्या दोन भाषांनी भाजलेल्या मांसाला नाव दिलं ते सळईवरून. तवा नंतर आला.

पण मानसोल्लास हे राजाचं ताट. गावाचं ताट वेगळं होतं. मराठी मुलखात बोकड कापणं हा रोजचा व्यवहार नव्हता. जत्रा, नवस, लग्नानंतरचं जेवण, शिमग्यासारखा सण अशा निमित्ताने तो पडायचा. कापायला गावचा मुलाणा यायचा आणि त्याचा हक्काचा भाग ठरलेला असायचा. उरलेल्याचे वाटे पडत. एका बोकडात वीस-पंचवीस घरं भागवायची तर उत्तर एकच: रस्सा. हाडासकट शिजवलेलं मांस भांडंभर पाण्याला चव देतं, भाकरी कुस्करायला कालवण पुरतं, आणि पोराटोरांच्या वाट्याला एक फोड आली तरी जेवण मटणाचंच ठरतं.

रश्श्यामागे शरीरशास्त्रही होतं. डोंगरउतारावर चरणाऱ्या शेळीची मांडी आणि खांदा हे राबणारे स्नायू. त्यांत कोलॅजेनचे चिवट धागे भरपूर. ते साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, तेही बराच वेळ शिजल्यावर विरघळतात. मांडीचा तुकडा तव्यावर पाच मिनिटं परतला तर तो चपलेच्या तळव्यासारखा होतो. भांड्यात दोन तास ठेवला तर हाडापासून सुटतो.

पण पाण्यात शिजवण्याची एक किंमत आहे. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि भाजलेल्या मांसाचा तो तपकिरी, खमंग थर जमायला १४० अंशांच्या आसपासची कोरडी धग लागते. मराठी स्वयंपाकघराने यावर काढलेला तोडगा नीट पाहण्यासारखा आहे. खरपूसपणा मांसाऐवजी वाटणात घातला. कांदा थेट विस्तवावर काळा होईपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं तव्यावर तांबूस करायचं, खडे मसाले परतायचे आणि हे सगळं पाट्यावर वाटून रश्श्यात सोडायचं. खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात हे काळं वाटण अधिक ठसठशीत. इंग्रजांनी मांस भाजलं, नाशिककरांनी मसाला भाजला.

या व्यवस्थेत अपवाद एकच होता. कलेजीत स्नायूंसारखे चिवट धागे नसतात. ती रश्श्यात जास्त वेळ राहिली तर रबर होते आणि भुगाही होते. म्हणून तिला आधी तव्यावर जावं लागलं. बोकड सोलणारे, चूल पेटवणारे, मध्येमध्ये लुडबुडणारी पोरं, असा हाताशी असलेल्यांचा तो मान. घासभर, झटपट, जेवणाआधी: स्टार्टरच्या तिन्ही अटी इथे पूर्ण होत होत्या. फक्त नाव नव्हतं.

नावं आणली छावणीने.

थळ घाट फोडून रेल्वे वर आली ती १८६५ मध्ये. त्याच दशकात देवळालीला ब्रिटिश फौजेचा मोठा तळ उभा राहिला. विलायतेहून मुंबईला उतरलेले गोरे शिपाई आधी इथे येत, आणि मुदत संपलेले परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच थांबत. जहाजं हिवाळ्यातच सुटत, नोव्हेंबर ते मार्च. त्याआधी आलेल्याला महिनोन्‌महिने ऊन, माश्या आणि रिकामपण. इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' म्हणतात, तो शब्द या देवळालीचाच. मुळात 'डूलाली टॅप', आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

या शिपायाच्या रोजच्या शिध्यात एक पौंड पाव आणि हाडासकट एक पौंड मांस असे. भगूरसारख्या शेजारच्या गावात ज्या घरी महिन्यातून एकदाही मटण शिजत नसेल, त्याच्या वेशीपलीकडे हजारो माणसं रोज अर्धा किलोच्या जवळपास मांस खात होती, आणि तेही मुख्यतः गुरांचं. शिपायांच्या वाट्याला उकडलेलं किंवा स्ट्यू येई. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये रोस्ट, चॉप आणि स्टेक.

त्या स्टेकची मात्र इथे पंचाईत होती. नांगराला जुंपून थकलेल्या जनावराचं मांस इंग्रजी पद्धतीने भाजून मऊ कसं पडणार? कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या टोपणनावाने १८७८ मध्ये मद्रासहून पाककृतींचं पुस्तक काढलं, फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं मेमसाहेबांसाठीचं गृहव्यवस्थेचं पुस्तक १८८८ मध्ये आलं. अशा पुस्तकांच्या आणि मेसमधल्या बावर्च्यांच्या जोरावर एक देशी-विलायती पद्धत तयार झाली. मांसाला कच्च्या पपईचा कीस चोळायचा, कारण त्यातलं पपेन चिवट धागे तोडतं. आणि जनावरातला एकच भाग स्टेकसाठी राखायचा: कण्याखाली, कमरेच्या आत दडलेला, चालताना फारसा न राबणारा स्नायू. विलायतेत आज त्याला फिलेट किंवा टेंडरलॉइन म्हणतात. आपल्याकडचे कसाई आजही त्याला 'अंडरकट'च म्हणतात.

कलेजी आणि अंडरकट यांच्यातलं नातं इथे दिसतं. दोन्हींत चिवटपणा नाही, दोन्ही जनावरात थोडेच निघतात आणि दोन्हींना मिनिटांत उतरवावं लागतं. तव्याने गावात आणि मेसमध्ये एकाच नियमाने निवड केली.

घाईचं अन्न म्हणून आणखी एक परंपरा याच रस्त्यावर होती. मुंबई-आग्रा रस्ता नाशिक आणि मालेगावातून जातो. त्या काळी अशा रस्त्यांवरच्या डाक बंगल्यांत साहेबाचा टांगा आवारात शिरला की खानसामा अंगणातल्या कोंबडीमागे धावे आणि अर्ध्या तासात ती ताटात असे. या पदार्थाला इंग्रजांनी नाव ठेवलं होतं 'सडन डेथ'.

साहेबाच्या बावर्च्याला एक गोष्ट ठामपणे शिकवली जाई: मांस आधी कडक आचेवर भाजलं की पृष्ठभाग बंद होतो आणि रस आत कोंडला जातो. ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ च्या लेखनातून पसरली. ती चूक होती. भाजलेल्या तुकड्यातूनही रस गळतच राहतो, तव्यावरची चुरचुर हा त्याचाच आवाज. खरं कारण चवीचं आहे. अमिनो आम्लं आणि शर्करा उष्णतेने एकत्र येऊन शेकडो नवे गंध तयार करतात; या क्रियेचं वर्णन फ्रान्सच्या लुई-कामिय मायार याने १९१२ मध्ये केलं. लीबिगची समजूत स्वयंपाक्यांच्या डोक्यातून काढायला मात्र १९८४ साली आलेलं हॅरल्ड मॅक्गी यांचं पुस्तक लागलं. काळं वाटण करणाऱ्या बायका ती रासायनिक क्रिया कित्येक पिढ्या खोबऱ्यावर करत आल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर देवळालीचे गोरे गेले. लॅम रोडवरच्या सॅनिटोरियममध्ये हवापालटासाठी येणारे पारशी येत राहिले. त्यांच्याकडे कोंबडीची कलेजी आणि पेटा परतून केलेली अलेटी-पलेटी होती, पेल्यासोबत खायची. पण पेल्यावरच गदा आली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी. साठ-सत्तरच्या दशकांत बंधनं सैल होत गेली, पण परवाना राहिला. त्या परवान्यातूनच 'परमिट रूम' हा अस्सल महाराष्ट्री शब्द जन्मला.

घासभर मांसाला टेबल मिळालं ते परमिट रूममध्ये. तिथे येणारा माणूस जेवायला आलेला नसतो, म्हणून रस्सा नको. हात ओले व्हायला नकोत, म्हणून सुकं हवं. पहिला पेग संपायच्या आत समोर यायला हवं. शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली अंडी यांच्या पुढची पायरी म्हणून कलेजी फ्राय, तवा खिमा, मटण सुक्का आले. महामार्गावरच्या ढाब्यांनी तीच यादी ट्रकवाल्यांसाठी उचलली. ओट्याशी उभ्याने खाल्लेल्या घासाला आता दर लागला आणि 'चखणा' हे नाव मिळालं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मालेगावात, ही कथा दारूशिवाय घडली. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमिन विणकरांनी हातमाग आणले, पुढे यंत्रमाग आले. पाळी सुटल्यावर माग कामगाराला स्वस्त, गरम आणि पोटभरीचं हवं असे. ती गरज 'बडे का', म्हणजे गुरांचं, मांस भागवत होतं, सळईवरच्या कबाबात आणि तव्यावर.

मग कायद्याने जनावर बदललं. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. त्याने गायीची कत्तल बंद केली होती. बैल आणि वळू यांनाही संरक्षण देणारी दुरुस्ती १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केली, पण राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती अमलात आली मार्च २०१५ मध्ये. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या वसंतात मालेगाव पोलिसांनी गुरांच्या मालकांकडून जनावरांचे फोटो आणि वर्णन मागवलं आणि त्याची बातमी जगभर गेली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेलं असं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशीला प्रमाणपत्राच्या अटीवर मुभा राहिली. म्हणून आज महाराष्ट्रात मेनूवर 'टेंडरलॉइन स्टेक' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते बहुतेक वेळा म्हशीचं अंडरकट असतं.

या सगळ्यावर शेवटचा थर द्राक्षांचा. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळच्या जमिनीत वाइनच्या वेली लावल्या आणि त्यांच्या 'सुला' वायनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं. दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत वायनऱ्या वाढल्या. मुंबईहून शनिवारी येणारा पाहुणा चाखण्याच्या खोलीत चार-पाच वाइनी घेतो आणि त्याला सोबत काहीतरी घासभर लागतं. लाल वाइनमधलं टॅनिन जिभेला तुरट ओढ देतं. मांसातली प्रथिनं आणि चरबी ती ओढ सैल करतात, म्हणून जगभर शिराझसारख्या वाइनबरोबर भाजलेल्या मांसाची जोडी लावली जाते. नाशिकने इथेही आपला सूर लावला: सुलाच्या आवारात गाजलेल्या रेस्तराँपैकी एक, 'लिटल इटली', संपूर्ण शाकाहारी होतं. रामकुंडाच्या गावात पनीरचे खरपूस तुकडे स्टेकची जागा सहज घेतात.

मांसाचे तुकडे वायनरीत असोत की घरात, तव्याचे नियम तेच. तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी हवा, पातळ नॉनस्टिक ती धग धरत नाही. तुकडे फडक्याने टिपून कोरडे करायचे, कारण ओलं मांस आधी वाफेत शिजतं आणि मगच भाजतं. एका वेळी मोजकेच टाकायचे, गर्दी केली की तवा थंड पडून पाणी सुटतं. एक बाजू सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. अंडरकट आत किंचित गुलाबी ठेवतात. कलेजी मात्र आतपर्यंत शिजवायची, गुलाबीपणा जाताक्षणी उतरवायची.

अंडरकट महागडं आहे, आणि ते मिळणारी दुकानं मोजकी. कलेजी कुठल्याही खाटकाकडे मिळते, पण एका बोकडामागे ती अर्धा किलोसुद्धा भरत नाही. रविवारी उशिरा उठून गेलेल्या नाशिककराला त्यामुळे नुसत्या मटणावर परतावं लागतं.