हाली सिक्का आणि विमानाचे पॉइंट

परवा दिल्लीहून नातवाचा फोन. "आजी, विमानाचे पॉइंट मिळतात ते क्रेडिट कार्ड घेऊ का?"

मला हाली सिक्का आठवला. आमचं भोकर निजामाच्या राज्यात. वडील सांगत, 6 कलदार रुपयांना 7 हाली मोजावे लागत. 1948 साली राज्य गेलं, पुढे सिक्काही गेला. पण निदान बदलून मिळाला.

पॉइंट हेही कंपनीचं नाणंच. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली योजना काढली, मग इतरांनी. आपल्याकडे किंगफिशरची विमानं 2012 साली थांबली आणि लोकांचे साठवलेले पॉइंट वाया गेले.

म्हटलं, "घे बाबा. पण वार्षिक फी बघ, बिल पूर्ण भर, नाहीतर व्याजच पॉइंट खाईल. आणि साठवत बसू नकोस. हैदराबादला उतर, घरी ये."