ठाण्याला जाणे

आमच्या कल्याण-आंबिवलीच्या पट्ट्यात 'ह्याला ठाण्याला पाठवा' असं कुणी म्हटलं की अर्थ विचारावा लागत नसे. पुण्याकडे येरवडा, नागपूरकडचे लोक नागपूरचंच नाव घेत असतील, आमच्याकडे ठाणे. तिथलं मनोरुग्णालय 1901 सालचं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं. उंच भिंत, आत जुनी झाडं. लोकलमधून मुलुंड सोडलं की हटकून कुणीतरी विनोद करायचंच. (ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन त्याच आवाराच्या जमिनीवर करायचं ठरलंय. विनोदाचं काय होणार, देव जाणे!)

हा विनोद मला कधीच फारसा आवडला नाही. कारण ज्या पोराला परीक्षेच्या आधी आठ दिवस झोप येत नाही, पुस्तक उघडलं की ओळी नुसत्या समोरून सरकतात, त्याच्यासाठी मदतीचा शब्द आणि टिंगलीचा शब्द एकच होता. मग तो बोलणार कसा?

अभ्यासाचा धसका हे काही आजचं खूळ नाही. मुंबई विद्यापीठ 1857 चं, पहिली मॅट्रिक 1859 ची. पहिल्याच तुकडीत रानडे आणि भांडारकर पास झाले. रानड्यांचे डोळे वाचनानं इतके अधू झाले, की पुढे रमाबाई त्यांना वाचून दाखवत. आणि 1890 च्या दशकात आपले पदवीधर इतक्या लवकर का मरतात, यावर भरपूर चर्चा झाली. खुद्द रानड्यांनीच त्यावर व्याख्यान दिलं. नावं आठवून बघा : चिपळूणकर 1882 मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले, तेलंग 1893 मध्ये त्रेचाळिसाव्या, आगरकर 1895 मध्ये एकोणचाळिसाव्या. ह्यांना परीक्षेनं मारलं असं मी म्हणत नाही, प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं. पण शिकलेल्या माणसाच्या शरीराची काळजी जाहीरपणे वाहिली गेली हे खरं. मनाची काळजी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

तोवर मन म्हटलं की कायदा आठवायचा. 1912 चा 'लुनसी' कायदा आपल्याकडे चालत राहिला, त्याच्या जागी आलेला 1987 चा कायदा प्रत्यक्षात लागू व्हायला 1993 उजाडलं. नुसता घाबरलेला, पण बाकी धडधाकट विद्यार्थी ह्यात कुठेच बसत नव्हता. मोठ्या इस्पितळात मानसोपचार विभाग असे, पण 'ओपीडीत कुणी ओळखीचं दिसलं तर?' ही भीती आजाराहून मोठी.

म्हणून मला 1990 हे साल महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मार्चमध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यातच 'आयपीएच', म्हणजे मानसिक आरोग्याची संस्था, सुरू केली. त्याच गावात, जिथे 'पाठवतात' म्हणून लोक हसायचे! तिथे आपण होऊन जायचं, टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायचं. पुढे 'मैत्र' ही फोनवर ऐकून घेणारी सेवा आली, प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक ती चालवू लागले. करिअरवर बोलणारं 'वेध' संमेलन तर आधी ठाण्यात आणि मग गावोगावी भरू लागलं. पालक पोरांना घेऊन तिथे राजीखुशीनं जायचे, कारण ते 'करिअर' होतं, 'मानसिक' नव्हतं. नाव बदललं की दार उघडतं, हे आपल्याकडचं खास आहे.

तिथे जो विचार शिकवला जातो त्याचा मूळपुरुष अमेरिकेतला अल्बर्ट एलिस. त्यानं 1955 च्या सुमारास आपली पद्धत मांडली. आपल्याकडे ती रुजवली कि. मो. फडके यांनी. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुद्दा साधा आहे : केटी लागते ही घटना, पण 'मला केटी लागताच कामा नये, लागली तर मी कुचकामी' हा विचार आपण तिला चिकटवतो, आणि झोप उडते ती त्या विचारानं. एलिस स्वतः पोरवयात मुलींशी बोलायला घाबरायचा. तेव्हा न्यूयॉर्कच्या बागेत जाऊन महिनाभर रोज अनोळखी बायकांशी बोलायचा नेम त्यानं केला. शंभरेक जणींशी बोलला, पण जमलं काहीच नाही. भीती मात्र गेली.

आता आंबिवली. मोहन्याची एनआरसी कंपनी नोव्हेंबर 2009 मध्ये बंद पडली आणि कॉलनीतल्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं : 'आता तूच काय ते.' नात्यातला एक मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता (घरच्यांना कळेलच कोण, नाव नको). एम-थ्रीत दोनदा राहिला होता. जर्नल द्यायला जातो म्हणून निघाला आणि कसारा लोकलनं थेट ठाण्याला उतरून एका समुपदेशकाकडे गेला. पैसे ट्यूशनच्या फीमधले. तिसऱ्या भेटीनंतर त्यानं आईला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, 'पुढच्या वेळी डबा घेऊन जा, उपाशी नको बोलूस.'

केटी सुटायला आणखी एक वर्ष लागलं. झोप त्याच्या कितीतरी आधी परत आली.

आज रस्ता जवळ आलाय. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. 2017 च्या कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तो ताणाखाली होता असं गृहीत धरायला लावलं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक समुपदेशक हवा. म्हणजे कल्याणच्या बिर्ला कॉलेजपासून (1972 चं) गल्लीतल्या क्लासपर्यंत सगळे आले.

आमच्या भागातल्या पोरांनो, तुमच्या कॉलेजात ती खोली कुठल्या मजल्यावर आहे, दार उघडं असतं का, आणि बाहेरच्या बाकावर बसलेलं कुणी बघेल अशी भीती अजून वाटते का, एवढं मला कळवा.